बीएस्सी नर्सिंग करायचंय? अकरावीपासून नोंदणी क्रमांकापर्यंतची वाट

जून लागला की माझा फोन सुरू होतो. "ताई, पोरीले नर्सिंगले टाकाचं हाये, काय काय लागते?" कधी मामा, कधी गावातल्या आशाताई, कधी पोरगी स्वतःच. प्रश्न बरोबर आहे, पण तो जूनमध्ये विचारला तर निम्मा उशीर झालेला असतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बाबांची तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. घरात बारावीच्या पुढे गेलेलं कोणी नव्हतं. मी चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलं आणि आज एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम करते. त्याआधी एक आख्खं वर्ष केवळ एका कागदापायी घरी बसून काढलं. तुझं ते वर्ष वाचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मुलांनाही हाच अभ्यासक्रम आणि हीच परीक्षा आहे. मी मुलींशी बोलते आहे, कारण फोन त्यांचेच जास्त येतात.

१. आधी वाट ठरव

नर्सिंगच्या तीन वाटा आहेत आणि गावात तिन्हींना "नर्सिंग" असंच म्हणतात. इथूनच गोंधळ सुरू होतो.

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) हा कोर्स दोन वर्षांचा. उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टर साधारण याच शिक्षणाच्या. जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसविका) ही तीन वर्षांची पदविका. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची विद्यापीठाची पदवी. आपल्याकडे बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. ही पदवी घेऊन नोंदणी केली की तू परिचारिका आणि प्रसविका दोन्ही होतेस. वॉर्डातला रुग्ण सांभाळणं आणि बाळंतपण करणं, या दोन्हींचा अभ्यास आणि दोन्हींचा परवाना एकाच पदवीत येतो. काही देशांत सुईणपणाची पदवी वेगळी असते, आपल्याकडे ती यातच आहे.

बीएस्सीला बारावी विज्ञान लागते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के, आणि इंग्रजी विषय उत्तीर्ण. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. अकरावीत जीवशास्त्र सोडून दुसरा विषय घेतला असेल तर हे दार बंद होतं. दरवर्षी अशा दोन-तीन मुली भेटतात. "सर म्हणाले सोपा विषय घे" म्हणून घेतला, आणि आता रडतात. अकरावीचा फॉर्म भरतानाच जीवशास्त्राच्या खुणेकडे नीट बघ.

कला शाखेची असशील तरी वाट संपलेली नाही. जीएनएमला कला शाखा चालते. जीएनएम करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं आणि पदवीपर्यंत पोचता येतं. वेळ जास्त लागतो, एवढंच.

सावध कुठे राहायचं? तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या दुकानाच्या माडीवर "नर्सिंग प्रवेश सुरू, एक वर्ष, नोकरीची हमी" असा फलक दिसतो. पांढरा गणवेश देतात, फोटो काढतात, खासगी दवाखान्यात कामाला लावतात. असल्या कोर्सवर परिचर्या परिषदेची, म्हणजे परिचारिकांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे कायद्याने तू परिचारिका नाहीस. दुसरा प्रकार परराज्यातल्या कॉलेजांच्या एजंटांचा: "हजेरीची गरज नाही, परीक्षेपुरतं या." न हात लावता बाळंतपण शिकता येत नाही. तिकडे पैसे टाकू नको.

२. कागद अकरावीतच सुरू कर

माझं वर्ष इथेच गेलं, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या घरात जातीचा दाखला होता. तेवढा पुरतो असं आम्हाला वाटत होतं. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून येतं. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते. त्यांना पुरावा जुना हवा असतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा.

माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. दाखला कुठून आणणार? बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत तीन वेळा जाऊन आले, दाखल-खारीज रजिस्टरात नाव नाही. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, "अरे, कोतवाल बुक पाय ना." म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी सरकारी नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला. बाबांच्या मोठ्या बहिणीच्या जन्माची नोंद निघाली, जातीसकट, १९५० च्या दशकातली. तिची नक्कल जोडली तेव्हा फाईल हलली. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मी त्या वर्षी आईबरोबर कापूस वेचला आणि रात्री जीवशास्त्र वाचलं.

तेव्हा आधी घरात विचार: आजोबा, त्यांचे भाऊ, आत्या यांपैकी कोणाचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा, खरेदीखत यांत जात लिहिलेली आहे का? भावाची, चुलत भावाची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी जप, काम बरंच हलकं होतं. कनिष्ठ महाविद्यालयाकडून शिफारस घेऊन अर्ज अकरावीतच टाक. बारावीचा निकाल लागल्यावर अख्खा जिल्हा तिथे रांगेत असतो.

बाकीची जमवाजमव अशी:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि जात वैधता
- लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेलं तुझ्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- शारीरिक पात्रतेचं वैद्यकीय प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो, सगळे एकाच वेळी काढलेले

नॉन क्रिमीलेअर काढताना ते प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना ते बघ. जुनं प्रमाणपत्र दाखवून मुली रांगेतून परत जातात.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव "रामदास", आधारवर "रामदासजी". आपल्याकडे मानाने "जी" लावायची पद्धत, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. दहावीची गुणपत्रिका खरी धर आणि आधार, बँक, जातीचा दाखला सगळं तिच्याप्रमाणे करून घे. याला महिने लागतात, सेतू केंद्राच्या चार खेपा होतात. त्या खेपा अकरावीच्या दिवाळीत घाल.

३. प्रवेश परीक्षा

राज्यातल्या बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी सेलची वेगळी सीईटी असते. "नर्सिंगला नीट (डॉक्टरकीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) लागते" असं कोणी सांगितलं तर ते राज्याच्या या प्रवेशाला लागू नाही. सैन्याच्या नर्सिंग सेवेतल्या बीएस्सीसाठी मात्र नीटचे गुण बघतात, ती वाट घ्यायची असेल तर नीट दे.

भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, असे पाच भाग, प्रत्येकी २० गुण. याचा अर्थ नीट समजून घे: इंग्रजी आणि कल मिळून ४० गुण होतात. गावाकडच्या मुली जीवशास्त्राचं पुस्तक पाठ करतात आणि इंग्रजी सोडून देतात. रोज इंग्रजीचा एक उतारा मोठ्याने वाच आणि त्यातल्या दहा शब्दांचे अर्थ लिही. महागड्या शिकवणीपेक्षा मला याचा जास्त उपयोग झाला.

फॉर्म साधारण बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे निघतो, तेव्हा घरात कोणाचंच त्याकडे लक्ष नसतं. डिसेंबरपासून दर आठवड्याला सीईटी सेलच्या संकेतस्थळावर नजर टाक. नेट कॅफेवाल्याला फॉर्म भरायला दिलास तरी मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुझाच टाक. पासवर्ड वहीत लिहून ठेव. दुसऱ्याच्या ईमेलवर गेलेला संदेश वेळेवर तुझ्यापर्यंत येत नाही.

४. कॉलेज बघू नको, त्याचं हॉस्पिटल बघ

या सगळ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव. मी हे फोनवर प्रत्येकीला सांगते आणि बहुतेकजणी तरीही इमारत, गेट आणि वसतिगृहाच्या खोल्या बघून कॉलेज ठरवतात.

अभ्यासक्रमात तुला स्वतःच्या हाताने किमान १० नैसर्गिक बाळंतपणं करायची असतात. त्याआधी १० बघायची, १० मध्ये मदत करायची. ३० गरोदर बायांची तपासणी, २० बाळंतिणींची तपासणी, १० पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणारे आलेख. हे सगळं लॉगबुकमध्ये, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, सहीसकट लागतं. आता हिशोब कर. वर्गात ६० मुली असतील तर एका तुकडीला ६०० बाळंतपणं हवीत. त्याच लेबर रूममध्ये जीएनएमच्या मुली असतात, एएनएमच्या असतात, मेडिकल कॉलेज असेल तर डॉक्टरकीचे विद्यार्थी असतात. ज्या हॉस्पिटलात महिन्याला ४० बाळंतपणं होतात, तिथे वर्षाला झाली ४८०. त्यात सिझेरियनही आले. मग १० कुठून भरणार? कागदावर भरतात. मी अशा मुलींबरोबर काम केलं आहे. चांगल्या, कष्टाळू मुली, पण पहिल्या नोकरीत बाळाचं डोकं दिसलं की हात थरथरतो. तो दोष त्यांचा नाही.

कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं असा नियम आहे. खाटा असणं वेगळं आणि त्यांवर रुग्ण असणं वेगळं. मग खरं कळणार कसं? बाबांना किंवा भावाला घेऊन कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता जा. कार्यालयात जाण्याआधी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात अर्धा तास बस. गरोदर बाया किती आल्या, मोज. लेबर रूमच्या बाहेर नातेवाईक सतरंजी टाकून बसलेत का, बघ. मग कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर जा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना सरळ विचार: "ताई, तुमच्या केसेस कुठे भरतात?" "जिल्हा रुग्णालयात नेतात" असं उत्तर असेल तर पुढचं विचार. किती दिवस नेतात, गाडी कॉलेजची असते का, रात्रपाळी मिळते का? बाळं रात्रीही होतात.

आपल्याकडे नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय नर्सिंग कॉलेज आहे. फी कमी आणि रुग्ण भरपूर, म्हणून जागांसाठी चुरस मोठी. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या सोबतीने कस्तुरबा नर्सिंग कॉलेज आहे, तिथे आजूबाजूच्या खेड्यांतून रुग्ण येतात. वर्ध्याजवळ सावंगीला अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं कॉलेज आहे. अभिमत विद्यापीठांची प्रवेशाची पद्धत आणि फी वेगळी असते, ते आधी विचारून घे. बाकी खासगी कॉलेजं जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांत उत्तम आहेत आणि नावापुरतीही आहेत.

नाव ऐकून विश्वास ठेवू नको. कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या आणि आरोग्य विद्यापीठाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, तीनही ठिकाणी बघ. कॉलेजने दाखवलेली झेरॉक्स पुरेशी नाही. मान्यता किती जागांची आहे तेही बघ.

५. प्रवेशाच्या फेऱ्या

निकालानंतर सीईटी सेलची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया सुरू होते: नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, पसंतीक्रम, मग जागावाटप. पसंतीक्रम भरताना गावाजवळचं कॉलेज वर टाकायचा मोह होतो. वरच्या कलमात सांगितल्याप्रमाणे बघून आलेली कॉलेजं वर टाक, अंतर नंतर. जागा मिळाल्यावर हजर होण्याची मुदत थोडी असते, त्यामुळे मूळ कागद, दोन-तीन झेरॉक्स संच आणि फीची तजवीज तयार ठेव. पेरणीचे दिवस असतात, घरात रोख नसते. बाबांना मे महिन्यातच सांगून ठेव.

मूळ कागद देताना त्यांची यादी करून कॉलेजची सही-शिक्का घे. आणि देण्याआधी सगळ्यांचे स्वच्छ स्कॅन काढून स्वतःच्या ईमेलवर ठेव.

६. पैशाचं गणित

प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घे, यामागे मोठं कारण आहे. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींसाठी ती आहे. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवर, किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. "थेट प्रवेश देतो, फेरीची वाट कशाला बघता" असं म्हणणारा माणूस तुझी चार वर्षांची सवलत घालवतो आहे, हे बाबांना समजावून सांग.

अनुसूचित जाती आणि जमातींच्या मुलामुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर. वसतिगृहाच्या खर्चासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शेवटची योजना आपल्या भागात कितीतरी घरांना लागू होते आणि अर्जच केला जात नाही. तलाठ्याकडून अल्पभूधारक असल्याचा दाखला काढून ठेव.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असं म्हटलं तर लेखी माग. आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने, वेळेत कर. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप येईल असं नाही.

७. पहिलं वर्ष: इंग्रजीची भिंत

पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा पाया. सगळं इंग्रजीतून. पहिल्या महिन्यात मी वर्गात बसून फळ्यावरचं फक्त उतरवत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं. रात्री वसतिगृहात वाटायचं, परत जावं.

मला तारलं एका वहीने. मधोमध रेघ मारली, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, उजवीकडे आपल्या घरचा शब्द. प्लासेंटा म्हणजे वार. अंबिलिकल कॉर्ड म्हणजे नाळ. लेबर पेन म्हणजे कळा. मेंब्रेन रप्चर म्हणजे पाणी फुटणं. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की निम्मी गोष्ट आपल्याला आधीच माहीत आहे, आजीकडून ऐकलेली आहे. ही वही पुढे वॉर्डात उलट्या दिशेने कामी येते. "अंगावरून जाते" असं बाई सांगते तेव्हा पांढरं की लाल, हे विचारायचं आपल्याला कळतं, शहरातल्या मैत्रिणीला कळत नाही. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीकडे गोंडी, माडिया बोलणाऱ्या बायांचे शब्दही याच वहीत लिही.

घेऊन जायच्या वस्तू थोड्याच आहेत: सेकंद काटा असलेलं घड्याळ, कारण नाडी आणि श्वास त्यावर मोजायचे असतात, चांगल्या प्रतीचा स्टेथोस्कोप, आवाज न करणारे, पाय न दुखवणारे बूट. बुटांत काटकसर करू नको, आठ-आठ तास उभं राहायचं असतं. गणवेशाचं कापड कॉलेज सांगेल तेच घे. वॉर्डात जाण्याआधी हिपॅटायटिस बी च्या तिन्ही मात्रा पूर्ण कर, त्यांना सहा महिने लागतात.

हजेरीचा नियम कडक आहे. परीक्षेला बसायला तासिका आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम, पूर्ण १०० टक्के. वेचणीच्या दिवसांत घरून बोलावणं येतं, बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस रजा मागतात. घरच्यांना पहिल्याच वर्षी हा नियम सांग. वॉर्डातला चुकलेला प्रत्येक दिवस पुढे भरून द्यावाच लागतो.

८. लेबर रूम

प्रसूतीशास्त्र सहाव्या आणि सातव्या सत्रात येतं. तोवर वॉर्ड, औषधं, बालरोग, मानसिक आरोग्य, समाज आरोग्य यांतून तू गेलेली असतेस आणि आपल्याला सगळं जमतं असं वाटायला लागतं.

माझी पहिली केस रात्री तीन वाजताची. बाई पहिलटकरीण, वेचणीवरून थेट आलेली, नखांत अजून बोंडांचे काटे. मी पार्टोग्राफ भरत होते. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यापासून तो भरायला घेतात, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि कळा लिहायच्या. ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या मध्ये हवेत. आलेख धोक्याच्या पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकला की वरिष्ठांना सांगायचं आणि पुढच्या रुग्णालयात पाठवायची तयारी ठेवायची. त्या रात्री मला वाटत होतं, हा नुसता कागद भरणं आहे. आमच्या सिस्टर म्हणाल्या, "बाळाशी बोलता येत नाही ना तुला? मग हा कागद वाच. ते यातूनच बोलतंय." आलेख सरळ चालला, पहाटे मुलगी झाली. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आकसवणाऱ्या औषधाचं, १० युनिटचं इंजेक्शन मांडीत दिलं, वार आली, गर्भाशय मुठीसारखं कडक लागलं. रक्त आटोक्यात राहिलं. ते एक मिनिट किती मोलाचं, हे पुढे नोकरीत रक्तस्राव झालेली बाई हातात आली तेव्हा कळलं.

शिकताना तीन गोष्टी पाळ. रात्रपाळी मागून घे, टाळू नको. लॉगबुक त्याच दिवशी भर आणि त्याच दिवशी सही घे. सत्राच्या शेवटी सही मागत फिरणाऱ्या मुलींचे हाल मी बघितले आहेत. आणि न केलेली केस लिहू नको. मैत्रिणी लिहितात, कोणी विचारत नाही, हे खरं आहे. पण उद्या तू एकटी असशील, रुग्णवाहिका ४० किलोमीटरवर असेल, तेव्हा तो आकडा कामाला येत नाही.

लेबर रूममध्ये बायांवर ओरडताना, कधी हात उचलतानाही तुला कोणी दिसेल. ते शिकू नको. पहिलटकरणीचा हात धरून "अजून थोडं, बाई, छान चाललंय" म्हणायला वेळ लागत नाही, आणि कळा देण्याचं बळ त्यातून येतं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलांना कधी कधी लेबर रूममध्ये नातेवाईक अडवतात. अशा वेळी वाद न घालता आमच्या वरिष्ठ सिस्टर आधी त्या बाळंत होणाऱ्या बाईची संमती घेत, मग काम चालू होई.

९. गावातली नेमणूक

समाज आरोग्याच्या काळात तुला गावात पाठवतात. गावातून आलेल्या मुलींना वाटतं, यात काय शिकायचं. मी तिथे खूप शिकले. आशाताईंबरोबर बाळंतिणीच्या घरी जा: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा भेटी असतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत करून दाखवली आणि मग ती देशभर गेली. आपल्या मातीतलं काम आहे ते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नीट समजून घे. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही मागास समाजांत, हा आजार बराच आहे. गरोदर बाईची सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी झाली का, ती सकारात्मक आली तर खात्रीची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी झाली का, नवऱ्याची तपासणी झाली का, हे विचारणारी बहुतेक वेळा तूच असतेस. दुर्गम भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं, दिवस भरत आलेल्या बाईने तिथे येऊन राहायचं. संधी मिळाली तर तिथे दोन दिवस काढ आणि बाया का येत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून ऐक. घरी गाय कोण बघणार, थोरल्या लेकराला कोण जेवू घालणार, ही उत्तरं पुस्तकात नसतात.

१०. इंटर्नशिप आणि नोंदणी

आठवं सत्र इंटर्नशिपचं, २२ आठवडे: प्रौढांचे वॉर्ड ६ आठवडे, आणि समाज आरोग्य, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती प्रत्येकी ४. लॉगबुकमध्ये काही कमी राहिलं असेल तर प्रसूतीचे ते चार आठवडे शेवटची संधी.

निकाल लागला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करायची. ती झाल्याशिवाय काम करू नको, कोणी "नंतर बघू" म्हटलं तरी. गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, ओळखपत्र लागतं. नाव पुन्हा दहावीप्रमाणे. परिचारिका आणि प्रसविका, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रावर आहेत का, हातात पडताच वाच. लग्न होऊन नाव बदलणार असेल तर आधी जुन्या नावाने नोंदणी पूर्ण कर, मग बदलाचा अर्ज दे.

सरकारी भरतीत पदाचं नाव अधिपरिचारिका असतं, जाहिरातीत तेच शोध. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही बीएस्सी झालेल्यांना संधी असते. प्रसूतीचंच काम पुढे न्यायचं असेल तर मिडवायफरीतल्या (सुईणपणातल्या) नर्स प्रॅक्टिशनरचा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. लेबर रूममध्ये मन रमलं असेल तर त्याची चौकशी कर.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. त्यासाठी कार्यशाळा आणि प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं लागतात, ती पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावत जा. माझी फाईल त्याच जुन्या कापडी पिशवीत आहे, जिच्यात बाबांनी कोतवाल बुकाची नक्कल आणली होती.